तारामावशीने पान सोडलं होतं

मावशी, तुझ्या दहाव्याला कुणीतरी विडा ठेवला.

पिंडाशेजारी तुला आवडायचं ते सगळं मांडलं होतं. तांदळाची भाकरी, गुळाचा चहा, भाजलेले चिंचोकेसुद्धा. भावकीतली एक म्हातारी पुढे आली, कनवटीचं पान काढलं, चुना लावला, सुपारीचं खांड ठेवलं, घडी घातली आणि डोळे पुसत म्हणाली, "तारीला ह्याच्याबिगर चैन पडायची नाय." प्रेमानेच म्हणाली बिचारी. पण तुझी सून सुरेखा तरातरा आली, तो विडा उचलला आणि खाडीत भिरकावला.

"आत्येनं पान सोडलान हुतं," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "चार वर्सं झाली. नातवाच्या बारशाला सगळ्यांनी खाल्लं, तिनं नाय खाल्लान. आता मेल्यावर कशाला तिच्या तोंडाला लावताय?"

म्हातारी ओशाळली. मी सगळ्यांच्या मागे उभी होते. माझ्याकडे कुणी बघितलंही नाही, पण मला मात्र भर सभेत कानाखाली बसल्यासारखं झालं.

मग कावळा शिवला. लगेच शिवला. घास मांडून आम्ही चार पावलं मागे येतो न येतो तोच. "म्हातारीचं काय राह्यलं नव्हतं," असं म्हणत सगळे मोकळे झाले आणि पाय धुवायला गेले. मला त्या कावळ्याचा इतका संताप आला म्हणून सांगू! काही राहिलं नव्हतं? इतकी वर्षं उराशी धरून बसलेली गोष्ट एका चोचीत मिटली? निदान थोडं तरी थांबायला लावायचं होतंस. मी पुढे होऊन काहीतरी कबूल करावं, मग त्याने यावं, असं तरी करायचं होतंस. पण तू जिवंतपणी कधी कुणाला ताटकळत ठेवलं नाहीस, ती मेल्यावर कशाला ठेवशील?

तुझं राहिलं नसेल. माझं राहिलंय, मावशी, आणि ते मी आता इथे बोलणार आहे. तुला आवडो न आवडो.

आपली पहिली भेट आठवते? आमच्या प्रयोगशाळेच्या फाटकात तू वॉचमनशी भांडत होतीस. एका हातात स्टीलचा डबा, दुसऱ्या हातात दुसरा. गुडघ्यापर्यंत खाडीचा चिखल वाळलेला. "हितं खाडीतली जनावरं तपासणारी कोण बाय हाय, तिला बोलव," असं तू त्याला दटावत होतीस. ती बाय म्हणजे मी. सजीवाच्या शरीरात एखाद्या क्षणी कोणकोणते बारीक रेणू आहेत, किती आहेत, ते मोजायचं आणि त्यावरून त्या जिवाचं काय चाललंय ते ओळखायचं, हे माझं काम. मेटाबोलॉमिक्स असं त्याचं भारदस्त नाव. मी तुला म्हटलं, पाणी तपासायचं असेल तर ते खातं वेगळं आहे. तू म्हणालीस, "पाणी नको तपासूस. ह्यांना तपास. ह्यांची गोडी गेलीय."

डब्यांत उकडलेल्या तिसऱ्या होत्या, खाडीच्या चिखलातल्या शिंपल्या. तू दोन्ही डब्यांतली एकेक मला खायला लावलीस, तिथेच, फाटकात, उभ्या उभ्या. मला दोन्ही सारख्याच लागल्या. "खंयची गो तू?" तू विचारलंस. मी म्हटलं, अलोऱ्याची. वडील धरणाच्या प्रकल्पात होते, तिथल्याच वसाहतीत वाढले. तू वॉचमनकडे बघून हसलीस. "धरणाची पोर हाय. पाणी चावीनं सोडतात नि चावीनं बंद करतात, येवढंच हिला म्हायती." तेव्हापासून मी तुझ्या सगळ्या वाडीत धरणाची पोर झाले. माझ्या नावामागे डॉक्टर लागलंय, हे तिथे कुणाच्या गावीही नाही.

दुसऱ्यांदा खाल्ल्यावर मला फरक कळला. एक गोड होती, म्हणजे तिसरीला असते तशी मागाहून येणारी गोडी. दुसरी नुसती रबरासारखी. गोड होती ती पलीकडच्या खाजणातली, खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीतली. फिकी होती ती तुझ्या वाडीसमोरची, जिथे तुझ्या सासूने, तिच्या सासूने सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या वेळी चिखलात बसून तिसऱ्या काढल्या. तुझं म्हणणं सरळ होतं. खारबंधाऱ्याची दुरुस्ती झाली तेव्हा बंधाऱ्याची उघाडी, म्हणजे वरच्या पऱ्याचं, ओढ्याचं पाणी खाडीत सोडायचं झडपेचं दार, जुन्या जागेवरून हलवलं. "दार हलवल्यानी नि पऱ्या आमच्या डोक्यावर आणून सोडल्यानी. गोडं पाणी पिऊन तिसऱ्या फुळकवणी झाल्यात." तू हे ग्रामपंचायतीत सांगितलंस, खात्याच्या माणसाला सांगितलंस. त्याने विचारलं, पुरावा काय? तू म्हणालीस, खाऊन बघ. तो शाकाहारी निघाला.

मावशी, तुला मी तेव्हा हे नीट सांगितलं होतं का, आठवत नाही, म्हणून पुन्हा सांगते. तू जिभेने जे ओळखलंस तेच आमचं यंत्र ओळखतं, फक्त त्याला थंडगार खोली आणि अखंड वीज लागते. तिसरीची गोडी म्हणजे तिच्या अंगातले ग्लायसिनसारखे काही बारीक पदार्थ. बाहेर खारट पाणी असलं की त्याला तोंड द्यायला ती ते आत साठवून ठेवते. बाहेरचं पाणी गोडं झालं की ती ते सोडून देते. जगण्यासाठीच सोडते. आणि मग जिवंत असूनही ती फिकी लागते. मेलेल्या तिसऱ्यांचा खच पडल्यावर तर कुणीही धावत येतं. तू त्यांच्या मरणाआधी आली होतीस. सगळ्या जिल्ह्यात तू एकटी.

मी म्हटलं होतं की पत्रिका बघून माणसाचं काय होईल ते सांगतात, तशी जनुकं तपासणारे लोक असतात. आम्ही त्यातले नव्हे. तू लगेच म्हणालीस, "म्हंजे तू चुलीवर आज काय शिजतंय ते बघणारी." हे वाक्य मी पुढे तीन व्याख्यानांत वापरलं. तुझं नाव एकदाही घेतलं नाही.

आपण वर्षभर काम केलं. सुकतीच्या वेळा तू सांगायचीस, मी गाडी काढायची. तू चिखलात बसून हाताने तिसरी काढायचीस, कोयतीने टचकन उघडायचीस, मांस कापून चांदीच्या कागदात घालायचीस आणि मी ते द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत टाकायची. त्या टाकीला तू धुराचा हंडा म्हणायचीस. घाई एवढ्यासाठी की तिसरी हाताला लागून मिटली की तिच्या अंगातलं सगळं बदलायला लागतं. काही सेकंदांचा खेळ. ते सेकंद तुझ्या हातात होते. मी एकदा कोयती धरली तर बोट कापून घेतलं आणि तू मला आईवरून बोल लावलास, की हिला घरी कधी कांदा तरी चिरायला दिला होता का.

आणि पान. तुझ्या गालात सदा एक तोबरा. मी भीत भीत सांगितलं की मावशी, हे यंत्र फार चोखंदळ आहे, पानसुपारीचा अंश बोटाला असला तरी ते पकडेल. तू चार दिवस माझ्याशी बोलली नाहीस. पाचव्या दिवशी तुझा पितळी डबा घेऊन आलीस, अडकित्त्यासकट, आणि माझ्या टेबलावर आदळलास.

"ठेव तुज्या खणात. माज्याकडं राह्यला तर हात जायचा."

चाळीस वर्षांची सवय होती ती. पंधरा दिवस तुझं डोकं दुखत होतं, सुरेखाच्या प्रत्येक भांड्यावर तू खेकसत होतीस, गालात भाजलेले चिंचोके धरून बसत होतीस. कशासाठी? तुझ्या तिसऱ्यांचं कुणीतरी खरं मानावं म्हणून.

मध्ये तीन दिवस तू नव्हतीस. लांज्याच्या तुझ्या लेकीचे हात काजू फोडताना चिकाने सोलवटले होते, तिला भाकरी करून घालायला तू गेलीस. जाताना मला बजावून गेलीस की काम थांबवू नको. त्या तीन दिवसांच्या तिसऱ्या मी एकटीने काढल्या. निम्म्या फुटल्या. तू परत येऊन माझी नोंदवही बघितलीस आणि माझ्या खाडाखोडीला हसलीस. तेव्हा मी तुला आमचा नियम सांगितला. नोंदवहीत चूक झाली तर खोडून काळी करायची नाही, पान फाडायचं नाही. एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर काय ते, का बदललं ते कारण, आपली सही, आणि ज्याने काम पाहिलं त्या साक्षीदाराची सही.

"म्हंजे चूक दिसायलाच हवी?"

"हो."

"बरं हाय की. आमच्यात तर दुसऱ्याचीच दिसते."

तेव्हापासून साक्षीदाराच्या रकान्यात तू सही करू लागलीस. 'तारा'. दोन अक्षरांना तुला सुकतीची अर्धी वेळ लागायची.

आता पुढचं. हे तुला ठाऊक आहे, पण मी जसं घडलं तसं तुला कधी सांगितलेलं नाही.

नमुने शहरातल्या मोठ्या संस्थेत गेले, यंत्र तिथे असतं. निकाल यायला आणखी एक वर्ष गेलं, मग आढावा बैठक झाली. तिथले मोठे सर पडद्यावर आलेख दाखवत होते. बंधाऱ्याजवळच्या नमुन्यांत ग्लायसिन घसरलेलं होतं, तू म्हणालीस तसंच. मी खुर्चीत पुढे सरकले. तेवढ्यात सरांनी एका उंच टोकावर बोट ठेवलं. "हे काय आलंय? अहो, हे तर सुपारीतलं अल्कलॉइड!" खोलीत हशा पिकला. "नमुने कोण गोळा करतं?"

मी म्हणाले, "गावातली एक बाई."

गावातली एक बाई. मावशी, तुला नाव होतं आणि ते मला येत होतं.

"पान खाते का?"

"आधी खायची, पण आता..." मी म्हणाले, पण पुढचं हशात बुडालं आणि मी ते पुन्हा म्हटलं नाही. कुणीतरी म्हणालं, कोकणात तिसऱ्यांनाही विडा लागतो वाटतं. सर समजुतीच्या सुरात म्हणाले, असं होतं, अशिक्षित माणसांकडून काम करून घेताना असं होतंच. एका मुलीने विचारलं की मग पलीकडच्या खाजणाच्या नमुन्यांत हे टोक का नाही, हात तर तेच. सरांकडे उत्तर तयार. "त्या दिवशी खाल्लं नसेल." मी मान डोलावली. मी! जिच्या खणात तुझा डबा होता ती! बंधाऱ्याजवळचे सगळे नमुने बाद झाले. त्यांच्याबरोबर ग्लायसिन बाद झालं, उघाडी बाद झाली, तू बाद झालीस. नोंदवहीत ते मी माझ्या हाताने लिहिलं, निळ्या शाईने, टपोऱ्या अक्षरात: 'नमुने दूषित. कारण: गोळा करणाऱ्या व्यक्तीची पान खाण्याची सवय.'

संध्याकाळी तुझ्याकडे आले. तू पडवीत तांदूळ निवडत होतीस. मी सांगितलं. तू हातातलं सूप बाजूला ठेवलंस.

"मी नाय खाल्लंय."

"मावशी, कधीतरी चुकून झालं असेल. बाजारात कुणी दिलं असेल."

"तुज्या खणात डबा हाय ना?"

"आहे."

"मग?"

आणि मी म्हणाले, "डबा माझ्याकडे असला तरी पान काय कुठेही मिळतं."

तू माझ्याकडे बघितलंस. फार वेळ नाही. मग म्हणालीस, "बरं. च्या घेतेस?"

तो चहा मी प्यायले. तो प्यायले याचा मला आज सगळ्यात जास्त राग येतो.

पण मला तुझाही राग येतो, मावशी. आला तर आला, गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात, पण तू का नाही भांडलीस? मासळीबाजारात एका वाट्यावरून तू गिऱ्हाइकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचीस. एसटी वाडीच्या थांब्यावर थांबली नाही म्हणून तू डेपोत जाऊन ठाण मांडून बसली होतीस. खात्याच्या साहेबाला तू तोंडावर 'जल्लं तुजं शिक्षण' म्हणालीस. आणि माझ्यापुढे 'बरं'? माझ्या अंगावर कोयती घेऊन धावली असतीस तर मला निदान शंका तरी आली असती. त्या नोंदवहीवर तुझी सही मागायला मी आलेच नाही आणि तूही विचारलं नाहीस. वाडीत कुणी विचारलं तर 'काम संपलं' एवढंच सांगायचीस. पान मात्र परत सुरू केलं नाहीस. ते मला परवा, तुझ्या दहाव्याला कळलं. बाद झाल्यावरही दोन वर्षं तू कुणासाठी पाळत होतीस ते? मला खोटं पाडायला? तसं असेल तर एकदा येऊन सांगायचं होतंस ना!

आपण तुटलोही नाही, हा आणखी एक मनस्ताप. गणपतीला मी यायची, तू उकडीचे मोदक बांधून द्यायचीस. तिसऱ्या पाठवायचीस सुरेखाबरोबर, दर वर्षी थोड्या कमी. आपण पावसावर बोलायचो, नातवाच्या दातांवर बोलायचो. त्या एका गोष्टीला वळसा घालून आपण दोन वर्षं चाललो, चिखलातल्या खड्ड्याला घालतात तसा. शेवटी इस्पितळात तू डोळे मिटूनच विचारलंस, "गोडी आली का गो परत?" मी म्हटलं, येईल. तुला खोटं कळायचं. तू तोंड भिंतीकडे केलंस.

दहाव्याहून मी घरी गेले नाही, तडक प्रयोगशाळेत गेले. सुरेखाचा आवाज कानात होता. बाद केलेल्या नमुन्यांच्या फायली कुणी उघडत नाही, पण त्या असतात. पडद्यावर नुसते सांकेतिक आकडे दिसतात. कोणत्या दिवशी कोणी गोळा केलं ते फक्त नोंदवहीत. मी नोंदवही शेजारी घेतली आणि एकेक जुळवत गेले. लांज्याच्या तीन दिवसांशी आले.

टोक तिथेही होतं. तिन्ही दिवस. तितकंच उंच.

त्या तिन्ही दिवशी तू इथे नव्हतीस, लांज्याला होतीस. कोयती माझ्या हातात होती. आणि मी जन्मात सुपारीचं खांड तोंडात घातलेलं नाही, वास आला तरी मला घेरी येते. हा पुरावा दोन वर्षं माझ्यापासून दोन हातांवर पडून होता. बघायला चहा पिण्याइतका वेळ लागला असता. मी बघितलं नाही, कारण माझा विश्वास बसून चुकला होता. तुझ्या सांगण्यावर नव्हे, त्या हशावर.

दुसऱ्या दिवशी सुरेखाला घेऊन पऱ्याच्या कडेने वर गेले. अर्ध्या तासाची चढण. वर पोफळीच्या बागा, ओळीने. सोललेल्या सुपाऱ्यांची सालं पऱ्यात पडून कुजतायत. एका डोहात पोतीच्या पोती सुपारी भिजत घातलेली, पाणी चहासारखं लाल. मी बघत राहिले. सुरेखाला नवल वाटलं नाही. "ह्यी पयल्यापासून हाय," ती म्हणाली. "आदी ह्या पाण्याची वाट तिकडं हुती, दार हलवल्यावर आमच्याकडं आली. आत्या तेच सांगत हुती न्हवं?"

होय, तेच सांगत होती. तिसरी पाणी गाळून खाते. जे पाण्यात, ते तिच्या पोटात. सुपारी तुझ्या तोंडातली नव्हती, तिसऱ्यांच्या तोंडातली होती. वरच्या पऱ्याचं पाणी कुठे येऊन पडतं ते त्या टोकाने जवळजवळ सही करून सांगितलं होतं. तू पुरावा आणून दिला होतास आणि आम्ही तो पुरावाच घाण म्हणून फेकला. आणि वर हसलो. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. आता मी शास्त्राच्या पोटापाण्यावर जगणारी बाई, म्हणून एवढं म्हणायलाच हवं की डोहातलं पाणी तपासायचं आहे, नवीन तिसऱ्या तपासायच्या आहेत, ग्लायसिनचं पुन्हा मोजायचं आहे. ते सगळं करीन. पण तू पान खाल्लं नव्हतंस, हे ठरवायला आता कोणत्याही यंत्राची गरज नाही. तेव्हाही नव्हती.

मोठ्या सरांना फोन केला. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "इंटरेस्टिंग आहे." मग म्हणाले, "त्या बाईंना कळवा, बरं वाटेल त्यांना."

"त्या गेल्या, सर. आज बारा दिवस झाले."

"अरेरे." आणि लगेच, "उरलेले नमुने फ्रीझरमध्ये आहेत ना अजून?"

मी फोन ठेवला. मग पुन्हा लावला, कारण सांगायचं एक राहिलं होतं. म्हटलं, सर, आता जे काही छापून येईल त्यात 'स्थानिक महिलेच्या सहकार्याने' असं येणार नाही, पूर्ण नाव येईल, लेखकांमध्ये. ते म्हणाले, अहो, तशी पद्धत नसते. मी म्हटलं, हसायची पद्धत होती का? ते काय म्हणाले ते मी ऐकलं नाही. बहुतेक प्रकल्प माझ्याकडे राहायचा नाही. न राहू दे. खात्याला मी माझ्या नावाने पत्र लिहिलंय, सोबत लांज्याच्या तीन दिवसांचे आलेख जोडलेत. उघाडी ते लगेच हलवतील अशी माझी अजिबात समजूत नाही. पण या वेळी पुरावा काय म्हणून विचारतील तेव्हा त्यांना तिसरी खायला लागणार नाही.

तुझा डबा आज खणातून काढला. सुरेखा प्रयोगशाळेत आली होती, तिला द्यायला घेतला तर ती मागे सरली. "तुमच्याकडं ठेवायला दिलान ना, मग ठेवा." तिथेच उघडून बघितला. चुन्याचा दगड झालाय. कात भुगा. अडकित्त्याला असा गंज चढलाय की तो उघडतही नाही. मावशी, तोंडातून एक शब्द न काढता तो डबा चार वर्षं तुझ्या बाजूने साक्ष देत होता, आणि मी त्याच खणातून रोज पेन काढत होते.

मग नोंदवही घेतली. ते पान शोधावं लागलं नाही. माझ्या निळ्या, टपोऱ्या ओळीवर मी एकच सरळ रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. तूच विचारलं होतंस ना, चूक दिसायलाच हवी का म्हणून. शेजारी लिहिलं, 'नमुने शुद्ध.' सही केली. साक्षीदाराचा रकाना मोकळा सोडला. सुरेखा सही करायला तयार होती, मी नको म्हटलं.

कारणाच्या रकान्यात काय लिहावं, यावर पेन बराच वेळ थांबलं. आलेखाचा क्रमांक लिहिता आला असता, लांज्याच्या तारखा लिहिता आल्या असत्या, आणि नियमाने तेच लिहायला हवं होतं.

मी लिहिलं: 'तिने सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.'